विश्लेषण: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची शंभर वर्षांची खुन्नस टीव्हीच्या पैशांपुढे टिकेल का?

३० नोव्हेंबर २०२४. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे संघ भिडले. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं. मिशिगनला पहिल्या २५ संघांतही जागा नव्हती. निकाल लागला मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. सामना संपताच मिशिगनच्या खेळाडूंनी आपला झेंडा यजमानांच्या मैदानाच्या मधोमध रोवायचा प्रयत्न केला आणि तिथेच हाणामारी जुंपली. ती थांबवायला पोलिसांना पेपर स्प्रे वापरावा लागला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला.

खरी गंमत पुढे आहे. दोन महिन्यांच्या आत, २० जानेवारी २०२५ रोजी, याच ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. म्हणजे ज्या पराभवामुळे शहर सुतकात गेलं होतं, त्या पराभवाने शेवटी काहीच बिघडलं नाही.

काही वर्षांपूर्वी हे फार अवघड होतं. तेव्हा असा एक सामना हरला की हंगाम संपला, असंच गणित बहुतेकदा असायचं. हे गणित का बदललं, त्यात कोणाचा फायदा झाला आणि कोण मागे राहिलं, हे समजून घेऊया. मिशिगन, पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांत महाराष्ट्रातूनही विद्यार्थी शिकायला जातात. नोव्हेंबरमधल्या शनिवारी अख्खं शहर एकाच रंगाचे कपडे घालून रस्त्यावर का येतं, हा प्रश्न त्यांनाही पडतोच.

हा फुटबॉल नेमका कसा खेळतात?

नाव फुटबॉल असलं तरी यात चेंडूला पाय कमीच लागतो. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना १० यार्डांची एंड झोन. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू एंड झोनमध्ये पोहोचवला की टचडाउन, म्हणजे ६ गुण. उभ्या खांबांच्या मधून लाथेने मारला की फील्ड गोल, म्हणजे ३ गुण.

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज एकट्याच्या जिवावर सामना काढू शकतो. इथे ते जवळपास अशक्य आहे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कितीही भारी असला, तरी त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंनी समोरच्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरलं नाही, तर त्याला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. या पाच जणांपैकी चौघे संपूर्ण सामन्यात बहुधा चेंडूला शिवतही नाहीत. त्यांच्यापैकी एकाने चुकीच्या दिशेला पाऊल टाकलं तरी डाव फसतो.

२०२४ चा तो सामना याचंच उदाहरण होता. मिशिगनने चेंडू फेकून अख्ख्या सामन्यात फक्त ६२ यार्ड कमावले. आजच्या काळात इतक्या कमी यार्डांत सामना जिंकणं दुर्मीळ आहे. पण त्यांनी पुन्हा पुन्हा मधल्या फळीतून धावत थोडं थोडं अंतर कापलं. बचावात त्यांच्या पुढच्या फळीने ओहायो स्टेटला धावून ८० यार्डही मिळू दिले नाहीत. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल हुकले. शेवटच्या मिनिटात मिशिगनने फील्ड गोल मारला आणि सामना खिशात घातला. ओहायो स्टेटचा संघ उभा करायला सुमारे २ कोटी डॉलर लागल्याचं त्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं.

ही वैरं आली कुठून?

पहिला कॉलेज फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. दोन्ही महाविद्यालयं एकाच राज्यातली, शेजारचीच. पुढच्या बहुतेक लढतींचाही पाया हाच राहिला. वैर लांबच्यांशी नसतं, ते बांधाला बांध लागलेल्यांशी असतं.

मिशिगन आणि ओहायोचं भांडण तर खरोखरच बांधाचं आहे. १८३५-३६ मध्ये टोलीडो शहराभोवतालच्या पट्ट्यावरून दोघांनी एकमेकांसमोर सैन्य उभं केलं होतं. शेवटी टोलीडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला उत्तरेकडचा मोठा भूभाग देऊन १८३७ मध्ये राज्याचा दर्जा दिला गेला. त्यांच्या विद्यापीठांचा पहिला फुटबॉल सामना १८९७ मध्ये झाला. आजही या लढतीच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरावर फुली मारली जाते.

कॅन्सस आणि मिसूरी यांच्यातली लढत 'बॉर्डर वॉर' म्हणून ओळखली जायची, कारण गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८५० च्या दशकात या सीमेवर खरंच रक्त सांडलं होतं. अलाबामा आणि ऑबर्न हे एकाच राज्यातले संघ. १९०७ मध्ये पंच आणि खर्चाच्या वादावरून त्यांच्यात फाटलं, ते पुन्हा समोरासमोर आले थेट १९४८ मध्ये. चार दशकं त्यांनी एकमेकांशी खेळायलाच नकार दिला.

संघ म्हणून खेळण्याच्या युक्त्याही याच चुरशीतून निघाल्या. १८९२ मध्ये येलविरुद्ध हार्वर्डने 'फ्लाइंग वेज' ही रचना आणली. खेळाडू पाचरीच्या आकारात एकत्र धावत येऊन एकाच जागी धडकायचे. ती इतकी घातक ठरली की १८९४ मध्ये तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी हार्वर्ड-येल सामन्यात इतके खेळाडू जखमी झाले की पुढची दोन वर्षं ही लढतच झाली नाही. १९०५ च्या हंगामात मैदानावरच्या मृत्यूंचा आकडा वाढला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांना बोलावून कानउघाडणी करावी लागली. त्यातूनच १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि आज एनसीएए नावाने ओळखली जाणारी नियामक संस्था जन्माला आली.

एका सामन्यावर सगळं का अवलंबून असायचं?

या स्पर्धेत सगळे संघ एकमेकांशी खेळत नाहीत. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट 'बिग टेन' या गटात आहेत. पूर्वी नियमित हंगामानंतर बिग टेनचा एकच संघ कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल या प्रतिष्ठेच्या सामन्याला जायचा. मिशिगन-ओहायो सामना हंगामाच्या शेवटी असल्यामुळे तिकीट बऱ्याचदा त्याच दिवशी कापलं जायचं.

१९६९ मध्ये गतविजेता आणि अव्वल क्रमांकावरचा ओहायो स्टेट मिशिगनला सहज चिरडेल असं सगळे धरून चालले होते. मिशिगनचे नवे प्रशिक्षक बो शेमबेकलर पूर्वी ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वुडी हेज यांचे सहायक होते. चेल्याने गुरूला २४-१२ असं हरवलं. पुढची दहा वर्षं या दोघांची झुंज 'टेन इयर वॉर' म्हणून गाजली. दहापैकी ५ सामने मिशिगनने जिंकले, ४ ओहायो स्टेटने आणि एक बरोबरीत सुटला.

याच शेमबेकलर यांचं १९८३ मधलं आपल्या खेळाडूंसमोरचं भाषण आजही ऐकवलं जातं. कोणताही खेळाडू किंवा प्रशिक्षक संघापेक्षा मोठा नाही, हा त्याचा गाभा. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलात तर तुम्ही करारासाठी खेळाल, संघासाठी खेळण्याचा हा अनुभव पुन्हा मिळणार नाही, असं त्यांनी मुलांना बजावलं होतं. तेव्हा महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळाडू यांच्यातली रेघ स्पष्ट होती. गेल्या काही वर्षांत पुसली गेली ती हीच रेघ.

मग टीव्हीने काय बदललं?

सुरुवात झाली १९८४ मध्ये. तोवर कोणता सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ७-२ अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठं आणि त्यांचे गट स्वतः विकू लागले.

वाहिन्यांना हवे असतात मोठी नावं असलेले सामने. त्यामुळे गटांमध्ये मोठी विद्यापीठं आपल्याकडे ओढायची चढाओढ लागली. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, त्याची किंमत ७०० कोटी डॉलरहून जास्त असल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, ओरेगन आणि वॉशिंग्टन हे सगळे बिग टेनमध्ये आले. नाव 'टेन', संघ १८. या गटात आता न्यू जर्सीचं रटगर्स आणि सुमारे चार हजार किलोमीटर दूरचं लॉस एंजेलिस एकत्र नांदतात.

विजेता ठरवण्याची पद्धतही बदलली. २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ होता, २०२४ पासून तो बारा संघांचा झाला. जास्त सामने म्हणजे जास्त प्रक्षेपण, जास्त जाहिराती. २०२६ पासूनच्या सहा वर्षांच्या हक्कांसाठी ईएसपीएनने ७८० कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. बारा संघांना संधी मिळाल्यामुळे एक पराभव माफ होतो. मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेट विजेता ठरला तो यामुळेच.

याचा अर्थ लढतीतली धग गेली असा नाही. मिशिगनकडून तो सलग चौथा पराभव होता. त्यानंतर ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांची हकालपट्टी व्हावी अशी मागणी उघडपणे सुरू झाली होती. विजेतेपदाने ती शांत झाली. तरी २०२५ मध्ये मिशिगनच्या मैदानावर ओहायो स्टेटने २७-९ असा विजय मिळवला, तेव्हाच चाहत्यांच्या जिवात जीव आला. गुणतक्त्यावर या सामन्याचं वजन कमी झालंय, लोकांच्या मनात नाही.

कोण सुटलं, कोण मागे राहिलं?

मिशिगन-ओहायोसारख्या लढतीला खरा धोका नाही. दोघं एकाच गटात आहेत, सामना दरवर्षी होतो आणि वाहिन्यांसाठी तो सोन्याची अंडी देणारी कोंबडी आहे. धोका आहे तो एक बाजू मोठी आणि दुसरी लहान असलेल्या लढतींना.

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची 'बेडलम' ही लढत १९१० पासून दरवर्षी होत होती. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या श्रीमंत एसईसी गटात जायचं ठरवलं आणि ४ नोव्हेंबर २०२३ चा सामना तूर्त शेवटचा ठरला. ओक्लाहोमा स्टेटने तो २७-२४ असा जिंकला. शंभराहून जास्त वर्षांचा रिवाज मोडला तो ना भांडणामुळे, ना युद्धामुळे. वेळापत्रकात जागा उरली नाही, एवढंच कारण पुरलं. टीव्ही हक्कांची दारं उघडणाऱ्या १९८४ च्या खटल्यात ओक्लाहोमाच पुढे होतं, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर याहून वाईट घडलं. २०२३ मध्ये तिथल्या पॅक-१२ या जुन्या गटाला मनासारखा टीव्ही करार मिळाला नाही. बारापैकी दहा विद्यापीठं निघून गेली. मागे राहिली फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या दोघांचे पारंपरिक प्रतिस्पर्धी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. नोव्हेंबरच्या थंडीत हंगामाचा शेवट म्हणून होणाऱ्या त्यांच्या लढती २०२४ आणि २०२५ मध्ये सप्टेंबरमध्ये उरकल्या गेल्या.

फटका फक्त भावनेला बसत नाही. लहान शहरातल्या विद्यापीठासाठी मोठा शेजारी घरच्या मैदानावर खेळायला येणं म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा असतो. हॉटेलं भरतात, खानावळींसमोर रांगा लागतात, माजी विद्यार्थी गावाला येतात, देणग्या देतात. शेजारी गट सोडून गेला की हे सगळंही त्याच्याबरोबर जातं.

उलटी उदाहरणंही आहेत. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची १८९४ मध्ये सुरू झालेली लढत २०११ नंतर बंद पडली, कारण ए अँड एम एसईसीत गेलं. टेक्सासही त्याच गटात गेल्यावर ३० नोव्हेंबर २०२४ रोजी दोघे पुन्हा भेटले आणि टेक्सासने सामना १७-७ असा जिंकला. कॅन्सस-मिसूरी लढतही २०११ नंतर थांबली होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये परतली. मिसूरीने ४२-३१ असा विजय मिळवला. म्हणजे पैशाने तोडलेलं पैशाने जोडताही येतं, पण बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना त्यात फायदा दिसला तरच.

खेळाडूंना पैसे मिळू लागल्यावर संघाचं काय झालं?

इतकी वर्षं सगळ्यांनी कमावलं, फक्त खेळाडू सोडून. विद्यापीठांना कोट्यवधी, प्रशिक्षकांना कोट्यवधी आणि खेळाडूला शिष्यवृत्ती. शिवाय त्याला दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. प्रशिक्षक मात्र हवा तेव्हा निघून जाऊ शकायचा.

हे बदललं ते न्यायालयांमुळे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार माजी आणि आजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची थकबाकी दहा वर्षांत दिली जाणार आहे. शिवाय २०२५-२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतं. संघ बदलण्यावरची बंधनंही गेली.

न्याय म्हणून हे योग्यच आहे, याबद्दल फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो सांघिक खेळाचा. समोरच्यांना थोपवणाऱ्या त्या पाच जणांच्या फळीला एकमेकांच्या हालचाली डोळे मिटून कळायला दोन-तीन हंगाम लागतात. आता दर हिवाळ्यात अर्धा संघ बदलू शकतो.

तरीही उत्तर सरळ नाही. ओहायो स्टेटच्या २०२४ च्या विजेत्या संघातले क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून आले होते, बचावपटू केलेब डाउन्स अलाबामातून. म्हणजे बाहेरून आणलेले खेळाडू. पण त्याच संघात जॅक सॉयर यांच्यासारखे खेळाडूही होते. कोलंबसजवळच वाढलेले सॉयर व्यावसायिक फुटबॉलची वाट खुली असतानाही आणखी एक वर्ष थांबले. मिशिगनच्या सामन्यानंतर काठीवरून त्यांचा झेंडा खेचून काढला तो त्यांनीच. जानेवारी २०२५ मधल्या उपांत्य सामन्यात त्यांनी टेक्सासच्या क्वार्टरबॅककडून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड धावत टचडाउन केला. तो क्वार्टरबॅक क्विन युअर्स, म्हणजे ओहायो स्टेटमध्ये असतानाचा सॉयर यांचा खोलीतला जोडीदार. आजचा कॉलेज फुटबॉल असा आहे. मैदानातलं वैर तेच, फक्त समोर कोण असेल ते सांगता येत नाही.

पैशांविना चालणारी एक लढत

या सगळ्यापासून बरीचशी दूर राहिलेली लढत म्हणजे आर्मी विरुद्ध नेव्ही. १८९० मध्ये सुरू झालेला हा सामना साधारणपणे डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होतो. लष्कर आणि नौदलाच्या या अकादमींचे कॅडेट सरकारी सेवेत धरले जातात, त्यामुळे त्यांना नाव आणि छबी विकून कमाई करता येत नाही. दोन्ही संघांचा भर वर्षानुवर्षं 'ऑप्शन' पद्धतीवर राहिला आहे. यात धावण्याचे दोन-तीन पर्याय एकाच वेळी खुले असतात आणि चेंडू कोणाकडे जाणार हे शेवटच्या क्षणी ठरतं. ताकदीने कमी असलेल्या संघाला शिस्त आणि सरावाच्या जोरावर मोठ्यांशी टक्कर देता यावी, म्हणून ही पद्धत.

डिसेंबर २०२५ चा सामना नेव्हीने १७-१६ असा, एका गुणाने जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघ आधी पराभूत अकादमीच्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून तिचं गीत गातात, मग विजेत्यांचं. पण प्लेऑफचा आणखी विस्तार झाला तर वाहिन्यांना डिसेंबरचा हाच शनिवार हवा असेल. त्यामुळे ही लढतही पूर्णपणे सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.

पुढे काय?

एसईसी गटाने २०२६ पासून प्रत्येक संघाला गटातले नऊ सामने आणि दरवर्षी ठरलेले तीन प्रतिस्पर्धी देण्याचा निर्णय घेतला आहे. म्हणजे अलाबामा-ऑबर्नसारख्या लढतींना आता नियमातच संरक्षण मिळालंय. जुनं वैर ही विकता येणारी गोष्ट आहे, हे वाहिन्या आणि गटप्रमुख दोघांनाही कळून चुकलंय.

पण हे संरक्षण गटाच्या आत आहे. ज्यांचा शेजारी गट सोडून गेला, त्यांच्यासाठी असा कोणताच नियम नाही. ओक्लाहोमा स्टेट किंवा ओरेगन स्टेटला आपला सामना परत हवा असेल तर मोठ्या शेजाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागेल. मोठ्या शेजाऱ्याला त्यात जिंकून मिळवायचं थोडं आणि हरून गमवायचं फार, त्यामुळे त्याला घाई नाही.

प्रत्येक संघ आपल्या सोयीचं तेच करतोय, आणि करारांच्या हिशेबात त्याचं चुकतंय असंही नाही. पण वाहिन्यांनी ज्यासाठी कोट्यवधी मोजले, ती चुरस एका करारात तयार झालेली नाही. त्याच दोन गावांनी, त्याच आठवड्यात, शंभर वर्षं एकमेकांसमोर उभं राहून ती कमावली आहे. नव्या गटांतल्या नव्या जोड्यांना तेवढा वेळ मिळणार का, की पुढच्या टीव्ही कराराला पुन्हा सगळं विस्कटणार, हे सध्याचे करार संपत येतील तेव्हा कळेल. बिग टेनचा करार २०३० च्या आसपास संपतो.